टाके सुकल्यावर

सिंधुदुर्गात हृदयाचे ऑपरेशन ठरले की गाडी जिल्ह्याबाहेर वळते. कुणी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, कुणी कोल्हापूर किंवा बेळगाव गाठतो, आणि ज्याचा मुलगा किंवा भाऊ चाकरमानी आहे तो मुंबईला. परतताना हातात जाडजूड फाइल असते. कोणती रक्तवाहिनी किती अडली होती, पायातली शीर काढून कुठे जोडली, कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री, पुन्हा दाखवायला कधी यायचे, हे सगळे त्या फाइलीत असते. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पडवीत बसल्या बसल्या काही कारण नसताना डोळे भरून येतील, हे मात्र बहुतेक फायलींत कुठेच लिहिलेले नसते.

त्यामुळे डोळे भरून आले की माणूस घाबरतो. आयुष्यभर वादळवाऱ्यात होडी घेऊन गेलेला गडी नातवाच्या साध्या प्रश्नावर हुंदका देतो आणि लाजेने तोंड फिरवतो. घरच्यांना वाटते, ऑपरेशनमध्ये काहीतरी बिघडले. त्याला स्वतःला वाटते, आपण खचलो. खरे तर हे फार सर्रास घडते. बायपासनंतरच्या काळात तीन-चार रुग्णांमागे एकाला तरी उदासीची ठळक लक्षणे दिसतात, आणि साधारण पाचांत एकाला वैद्यकीय अर्थाने नैराश्य येते. बहुतेकांची उदासी काही आठवड्यांत ओसरते. काहींची ओसरत नाही, आणि त्यांच्याकडे लक्ष जायला हवे.

कोकणाच्या या पट्ट्याला हृदयविकार नवा नाही. वेंगुर्ल्यात 1922 साली जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे 48. तोवर अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रेने फाव्हालोरो यांनी मांडीतली शीर वापरून बायपास करायला 1967 साली सुरुवात केली होती. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये हृदयप्रत्यारोपणाचा धाडसी प्रयत्नही केला होता, पण तो रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. भारतातली पहिली बायपास व्हायला 1975 साल उजाडले. ती मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. त्या पिढीला जे मिळाले नाही ते आज आचरे, देवबाग, तोंडवळीच्या माणसाला मिळते. पूर्वीच्या राजीव गांधी आणि आताच्या महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेमुळे पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवरही मिळू लागले. योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. पण गाडीभाडे, वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळ्या आणि बुडालेला हंगाम यांचा हिशेब घरी बसलेला माणूस मनातल्या मनात करत राहतो, आणि उदासीला तिथूनही खाद्य मिळते.

शरीर या काळात काय सोसते ते समजून घेतले, तर मनाचे वागणे इतके अनाकलनीय वाटत नाही. छातीचे मधले हाड उभे कापलेले असते आणि पोलादी तारेने बांधलेले असते. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण बळकट व्हायला कधी तीन महिने. तोवर कुशीवर झोपता येत नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी लागते, आणि भरलेली कळशी उचलायची नसते. पायाची जखम चुरचुरते, घोटा सुजतो. रक्त कमी झालेले असते. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्यांनी थोडा थकवा येतो. शरीरात दाह असतो, झोप तुटलेली असते, आणि आपण मरणाच्या दारात जाऊन आलो ही जाणीव नेमकी रात्री दोन वाजता जागी होते. एवढे सगळे एकाच वेळी अंगावर आल्यावर मन ढळले, तर तो त्या माणसाच्या स्वभावातला कमकुवतपणा नव्हे.

इस्पितळातच दिसणारा एक प्रकार घरच्यांना हादरवून टाकतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शांत स्वभावाचे काका अतिदक्षता विभागात नळ्या ओढू लागतात, परिचारिकेवर ओरडतात, "होडी सुटली, माका जावंदे" म्हणत उठायला बघतात. सकाळी त्यांना यातले काही आठवत नाही, किंवा अर्धवट आठवते आणि फार शरम वाटते. न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1965 साली याचे सविस्तर वर्णन केले. अतिदक्षता विभागातला अखंड उजेड, यंत्रांचा एकसुरी आवाज आणि झोपमोड यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले होते. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. वयस्कर रुग्णांत हे बरेच आढळते आणि बहुधा काही दिवसांत निवळते. चष्मा आणि कानाचे यंत्र लवकर परत देणे, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा सांगणे, घरच्या माणसाचा ओळखीचा आवाज कानी पडणे, एवढ्यानेही फरक पडतो. हे वेड नव्हे, असे नातेवाइकांना कुणीतरी त्याच रात्री सांगायला हवे.

विसरण्याचेही तसेच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बायपास झालेल्या 261 जणांची स्मरण-आकलनाची चाचणी घेतली गेली आणि 2001 साली तिचे निष्कर्ष छापले गेले. घरी जाताना 53 टक्के लोकांची कामगिरी आधीपेक्षा घसरलेली होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण 24 टक्क्यांवर आले, पण पाच वर्षांनी पुन्हा 42 वर गेले. या आकड्यांनी तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली, तेव्हा दिसले की नंतरच्या वर्षांतली घसरण त्यांच्यातही तशीच होते. म्हणजे तिचा दोष ऑपरेशनपेक्षा रक्तवाहिन्यांच्या मूळ आजाराकडे जास्त जातो. सुरुवातीचे विसरणे मात्र खरे असते आणि बहुतेकांत ते सुधारते. नावे आठवत नाहीत, जमाखर्चात चूक होते, पेपरातली बातमी दोनदा वाचावी लागते. दुकानदार किंवा शिक्षक माणूस यानेच सर्वांत जास्त धास्तावतो.

उदासीकडे दुर्लक्ष का करू नये, याचे उत्तरही ड्यूकमधूनच आले. जेम्स ब्लूमेंथाल यांच्या गटाने बायपासच्या 817 रुग्णांचा काही वर्षे माग काढला आणि 2003 साली निष्कर्ष मांडले. ऑपरेशनच्या वेळी ज्यांचे नैराश्य मध्यम किंवा तीव्र होते, आणि ज्यांचे नैराश्य सहा महिन्यांनंतरही टिकून होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक निघाला. वय, मधुमेह, किती शिरा जोडल्या, धूम्रपान, हे सगळे जमेस धरूनही. उदास माणूस चालायला जात नाही, गोळ्या चुकवतो, विडी-दारूकडे परततो, आणि त्याच्या शरीरातले तणावाचे रसायनही चढे राहते. किनाऱ्यावरच्या पुरुषांत ही उदासी रडण्यापेक्षा चिडचिडीतून किंवा संध्याकाळच्या बाटलीतून जास्त बाहेर पडते. घरच्यांना तो फक्त तापट झालेला दिसतो.

आता घराकडे येऊ, कारण खरे बरे होणे तिथे घडते.

गावात रुग्ण आला की माणसे बघायला येतात. नारळ, केळी, बिस्किटांचे पुडे येतात, आणि त्यांच्याबरोबर एक सल्ला येतो: "आता काय्येक करू नको, गप बसून ऱ्हव." त्यामागची माया खरी असते. पण हा सल्ला महिनोन् महिने पाळला गेला की माणसाचे नुकसान होते. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या रापणीचे उदाहरण घ्या. रापण हे एकट्यादुकट्याचे काम नाही. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांना माणसे दोर धरून ओढतात. ज्याच्या छातीचे हाड अजून सांधायचे आहे त्याने तो दोर धरायचा नाही, हे बरोबरच. पण दोर सुटल्याबरोबर त्याची संगतही सुटते. पहाटे किनाऱ्यावर जाणे, वाऱ्यावरून बोलणे, मासळीच्या वाट्यावरून हुज्जत घालणे, सगळेच थांबते. आयुष्यात पहिल्यांदाच तो दिवसभर बायकोच्या कामात अडथळा बनून घरात बसतो.

यावर उपाय काम परत देण्याचा आहे, पण टप्प्याटप्प्याने. पहिल्या आठवड्यांत अंगणात आणि पडवीत दिवसातून चार-पाच वेळा चालणे, मग वाडीच्या टोकापर्यंत, मग किनाऱ्यावर. किनाऱ्यावर चालताना कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि दम लवकर लागतो. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू बरी. हाताची बारीक कामे बरीच लवकर जमतात. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाहून हो म्हटले की हलके ओझे, आणि जड ओढाताण त्याहून उशिरा. ऑपरेशन मे महिन्याच्या आसपास झाले असेल तर एक गोष्ट मच्छीमाराच्या पथ्यावर पडते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदीच असते, त्यामुळे सगळेच किनाऱ्यावर असतात आणि आपणच मागे पडलो असे वाटत नाही. फाटलेली जाळी शिवायला बसलेल्या चौघांत पाचवा म्हणून त्याला नेऊन बसवणे, हे जून-जुलैत कुणीही करू शकतो. उलट तोच पाऊस चालणे बंद करतो, वीज घालवतो, दिवस अंधारा करतो. तेव्हा पडवीतल्या फेऱ्या मोजून घालाव्या लागतात.

मोठ्या कामावर परतणे अशक्य नसते, याचे देशाला ठाऊक असलेले उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचे. पहिली बायपास 1990 साली, दुसरी पंतप्रधान असताना जानेवारी 2009 मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. तेव्हा त्यांचे वय 76 होते.

बाईच्या बाबतीत गावाचे वागणे नेमके उलट असते. तिला कुणी महिनोन् महिने बसवून ठेवत नाही. पंधरा दिवसांत ती चुलीपाशी दिसते, आडाळ्यावर नारळ खोवते, विहिरीचे पाणी शेंदते. या प्रत्येक हालचालीत जोर छातीवर येतो. मासळीबाजारात बसणारीला तर पाटी उचलल्याशिवाय दिवसाची कमाई नाही. बायपासनंतर स्त्रियांत नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त आढळते, आणि त्याला जी अनेक कारणे आहेत त्यातले हे एक असावे: तिचे आजारपण घराने पुरते मान्यच केलेले नसते. गळ्याखालून सरळ खाली उतरणारा व्रणही तिला छळतो. ब्लाउजच्या गळ्यातून तो दिसेल म्हणून ती लग्नकार्याला जायचे टाळते. पुढून उघडणारे सुती कपडे आणि ओझे उचलायला घरातला दुसरा हात, या दोन गोष्टी डिस्चार्जच्या दिवशीच ठरायला हव्यात.

लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप खराब झालेल्या तरुण मुली आणि तरुण मुलगे यांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांना धातूची झडप बसते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली देशी झडप डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली आणि तिने हे ऑपरेशन अनेकांच्या आवाक्यात आणले. ही झडप मिटताना बारीक टिकटिक करते. दिवसा ऐकू येत नाही, पण रात्री, विशेषतः वीज गेल्यावर पंखा थांबला की, ती स्पष्ट ऐकू येते. सुरुवातीला तो आवाज झोप उडवतो. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते. काहींना उलट तो बंद पडल्यासारखा वाटला की भीती वाटते. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावी लागते. गळाने बोट कापले तर रक्त लवकर थांबत नाही. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आली म्हणून आठवडाभर रोज खाल्ली, तर गोळीचा परिणाम कमी होतो. पालेभाजी बंद करायची नाही, तिचे प्रमाण सारखे ठेवायचे. लग्न आणि मूल यांविषयी तर आधीच डॉक्टरांशी बोलावे लागते, कारण ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते. विशीतली मुलगी हे सगळे एकटी मनात घोळवत असेल, तर तिच्या गप्प राहण्याला नुसता लाजाळूपणा समजू नये.

जेवणाबद्दलही बोलले पाहिजे, कारण मालवणी माणसाचे दुःख ताटापाशी फार लवकर उमटते. घरी आल्याबरोबर कुणीतरी सांगते, "मासे बंद." हे खरे नाही. बांगडा आणि तारली हे हृदयाला चांगलेच मासे आहेत. आवरायचे ते तेलात तळणे, वाटपातले भरमसाट खोबरे आणि मीठ. म्हणजे सुक्या खाऱ्या बांगड्याला रामराम, पण ताज्या माशाचे पातळ कालवण आणि उकड्या तांदळाची पेज चालू. खाण्यातला सगळाच आनंद काढून घेतला, तर भूक आधीच मेलेला माणूस आणखी मिटतो.

आणि नवरा-बायकोची जवळीक. हा प्रश्न ओपीडीत कुणी विचारत नाही. रुग्ण लाजतो, डॉक्टर घाईत असतात, आणि दोघेही महिनोन् महिने भीतीत काढतात. सर्वसाधारण नियम असा आहे की हाड सांधले आणि दोन मजले जिने छातीत न दुखता, फार दम न लागता चढता आले, की शरीरसंबंधाला हरकत नसते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी किंवा तिच्या गटातले औषध चालू असेल, तर उत्तेजना वाढवणारी गोळी मुळीच घ्यायची नाही. रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. जोडीदाराचा आधार केवळ भावनेचा विषय नाही. रॉचेस्टर विद्यापीठाच्या कॅथलीन किंग आणि हॅरी राइस यांनी 1987 ते 1990 या काळात बायपास झालेल्या 225 जणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला. विवाहित रुग्ण पंधरा वर्षांनी हयात असण्याची शक्यता एकट्यांच्या अडीचपट होती. संसारातल्या समाधानाने ती आणखी वाढत होती, आणि बायकांच्या बाबतीत तर समाधानच निर्णायक ठरत होते.

मराठीत या विषयाला वाचा फोडली ती डॉ. अभय बंग यांनी. गडचिरोलीत काम करणाऱ्या या डॉक्टरांना 1995 साली, चाळिशीच्या मध्यावर हृदयविकाराचा झटका आला. त्यांची छाती उघडावी लागली नाही, अँजिओप्लास्टी झाली. पण 2000 साली आलेल्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात ते आजाराचे मूळ शोधत आहाराकडे, व्यायामाकडे, योग-ध्यानाकडे आणि शेवटी आपल्या घाईच्या, ताणलेल्या जगण्याकडे आले. हृदयरुग्णाने भीती आणि दुःख उघड बोलणे हे लाजिरवाणे नाही, ही मुभा त्या पुस्तकाने हजारो मराठी वाचकांना दिली, आणि त्याचे मोल फार मोठे आहे. योगाविषयी पुढे देशातल्या 24 केंद्रांवर जवळपास चार हजार रुग्णांचा अभ्यास झाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगावर आधारलेला कार्यक्रम दिलेल्या लोकांना स्वतःची तब्येत अधिक चांगली वाटत होती आणि ते आपल्या रोजच्या कामांकडे अधिक चांगले परतले होते. पुन्हा झटका किंवा मृत्यू टळल्याचे मात्र त्यात खात्रीने दिसले नाही. योग करावा, पण गोळ्या बंद करून नव्हे.

मग उपचार घ्यायला माणसे का जात नाहीत? कोकणात याचे एक उत्तर 1886 सालापासून उभे आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय तेव्हा सुरू झाले आणि मनाच्या आजाराचा पत्ता लोकांच्या डोक्यात तोच बसला. मनाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटले की रुग्ण तडकतो, "माका रत्नागिरीक धाडतास काय?" त्यापेक्षा देवाकडे जाणे सोपे. गावकार देवळात गाऱ्हाणे घालतो, रुग्णाचे नाव घेऊन सगळ्या वाडीसमोर त्याचे दुखणे बोलतो, आणि उपस्थित सगळे त्याला दुजोरा देतात. या रिवाजात काहीतरी मोलाचे आहे. माणसाचे संकट इथे चारचौघांत उच्चारले जाते आणि ते एकट्याचे राहत नाही. जे देवळात बोलता येते ते दवाखान्यातही बोलता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात, आणि ते कुणीही विचारू शकते. गेले दोन आठवडे कशात मन लागत नाही का? बहुतेक दिवस उदास, निराश वाटते का? अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 साली हृदयरुग्णांना हेच दोन प्रश्न विचारावेत असे सुचवले. उत्तर हो आले तर पुढची तपासणी करायची. जगण्यात अर्थ नाही असे माणूस म्हणू लागला, तर थांबायचेच नाही. आणि छातीत दाटून येणे, धडधड, गुदमरणे ही भीतीची लक्षणे असू शकतात तशी हृदयाचीही. आधी हृदय तपासून घ्यायचे, मग मनाचा विचार.

दूर राहणाऱ्या रुग्णांसाठी सर्वांत आश्वासक प्रयोग पिट्सबर्गमध्ये झाला. ब्रूस रोलमन यांच्या गटाने बायपासनंतर नैराश्य आलेल्या 302 जणांना निवडले. त्यातल्या निम्म्यांना परिचारिका आठ महिने नियमित फोन करत. झोप कशी आहे, चालणे किती झाले, औषध हवे का, कोणाशी बोलायचे आहे का, एवढेच विचारत आणि मागे मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेत. 2009 साली छापलेल्या निष्कर्षांत फोन मिळालेल्यांपैकी 50 टक्के लोकांची लक्षणे निम्म्याने उतरली होती, नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत 30 टक्क्यांची. पुरुषांना फायदा अधिक झाला. दुसरी जुनी वाट बोस्टनची. शल्यविशारद ड्वाइट हार्कन यांच्या रुग्णांनी 1951 साली ‘मेंडेड हार्ट्स’ ही संघटना काढली, आणि ऑपरेशन होऊन बरे झालेले लोक नव्या रुग्णाला खाटेपाशी जाऊन भेटू लागले.

या दोन्ही गोष्टी सिंधुदुर्गात जमण्यासारख्या आहेत. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, गावोगावी आशाताई आहेत, आणि फोन प्रत्येक घरात आहे. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तिथे फुकट आणि मराठीत बोलता येते. जिल्ह्याबाहेरच्या इस्पितळातून बायपास करून आलेल्यांची यादी ओरोसला एकत्र व्हावी. प्रशिक्षित परिचारिकेने पहिले दोन महिने दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा फोन करावा. तिने जखमेच्या आधी झोपेविषयी विचारावे आणि घरधनिणीशी, किंवा घरधन्याशी, वेगळे बोलावे. आणि त्याच तालुक्यातला, वर्ष-दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेला कुणी काका नाहीतर काकी गणपतीआधी एकदा घरी पाठवावी. चाकरमानी आल्यावर घर माणसांनी भरते आणि रुग्ण कोपऱ्यात हसतमुख बसून राहतो, त्याच्याशी बोलायचे काम त्याआधीच व्हायला हवे.